तारीख नसलेल्या मोजणीची दवंडी

सूत्रसंचालन हा माझा धंदा. नाशिकमध्ये कुणाचं लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो की निवृत्तीचा सत्कार, "आता मी व्यासपीठावर आमंत्रित करते" हे वाक्य माझ्या तोंडून निघाल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नसे. मग कोरोना आला आणि व्यासपीठंच उचलली गेली. जवळजवळ वर्षभर मी घरात बसून फक्त नवऱ्याला जेवायला आमंत्रित करत होते. त्यामुळे जनगणनेची जनजागृती करत खेड्यापाड्यांत फिरायचं काम आलं, तेव्हा मानधन किती हेसुद्धा न विचारता मी हो म्हणून टाकलं. नंतर ते कळलं, आणि विचारलं नाही तेच बरं झालं असं वाटलं.

काम असं होतं. देशातली माणसं मोजायची होती. मोजणारे दारात येतील तेव्हा लोकांनी दार उघडावं, खरं सांगावं, त्या दिवसांत घरी हजर राहावं, म्हणून आम्ही आधी जाऊन समजावायचं. साथीमुळे मोजणी पुढे ढकलली होती. कधीपर्यंत? तर पुढील आदेशापर्यंत. जनजागृती पुढे ढकलल्याचं पत्र मात्र कुणी काढलं नव्हतं आणि तिचे पैसे मार्चच्या आत संपवायचे होते. म्हणजे मुलगी पसंत नाही, तारीख ठरलेली नाही, पण वाजंत्री गावभर फिरवून आणायची, असा एकूण बेत होता.

"तारीख सांगायची नाही मॅडम," निघताना भामरे साहेबांनी बजावलं. "फक्त उत्साह निर्माण करायचा."

भामरे साहेब आमचे समन्वयक. सटाण्याकडचे, कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले. गळ्यातलं ओळखपत्र ते आंघोळीलासुद्धा काढत नसावेत असा मला दाट संशय होता. आमच्याशी बोलताना त्यांचं मराठी परिपत्रकासारखं असे, आणि घरून फोन आला की एकदम अहिराणीत "हां, सगळं बरं शे" असं मऊ होई. तिसरे शकूरभाई, देवळाली कॅम्पचे. व्हॅन त्यांचीच. व्हॅनवर भोंगा, आणि भोंग्यात साथीच्या आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं गाणं: "फेब्रुवारीत येतील दारी, हजर राहा हो नर-नारी."

"साहेब, हे गाणं तर तारीख सांगतंय," मी म्हणाले.

"गाणं मंजूर झालेलं आहे," साहेब म्हणाले. मंजूर झालेली गोष्ट चुकीची असू शकत नाही, हे इतकी वर्षं व्यासपीठांवर काढून मला माहीत असायला हवं होतं. जानेवारी संपत आला होता. पहिली लाट ओसरली होती आणि दुसरीचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं.

ओझरच्या अलीकडे

पहिलं गाव ओझरच्या अलीकडचं. घरटी एक माणूस विमानाच्या कारखान्यात, उरलेले शेतीत. वेशीवर लॉकडाऊनमधला बांबू अजून आडवा होता. आम्हाला अडवायला सरपंचबाईंचे मिस्टर स्वतः आले. सरपंचबाई घरात स्वयंपाक करत होत्या. त्या कोरोनामुळे बाहेर पडत नाहीत, असं मिस्टरांनी सांगितलं. कोरोनाच्या आधी कशामुळे पडत नव्हत्या, ते मी विचारलं नाही.

"आमच्या गावात सॅनिटाइझ झाल्याबिगर एंट्री नाय," ते म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला.

द्राक्षांवर औषध मारायचा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर शाळेमागून बाहेर आला. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत आमच्यावर, व्हॅनवर आणि साहेबांच्या बॅनरवर पांढऱ्या पाण्याचा लोट आला. माझ्या मोरपंखी साडीवर जे ठिपके पडले ते अजून गेलेले नाहीत. साहेबांचा चष्मा धुतला गेला. शकूरभाई काच वर करून आत बसले होते. त्यांनी हसू लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

असे शुद्ध होऊन आम्ही गावात शिरलो आणि गाणं लावलं. परिणाम बघण्यासारखा होता. दारं एकेक करून बंद व्हायला लागली. घरातली माणसं मोजायला कुणीतरी येणार एवढंच लोकांच्या कानात शिरलं होतं, आणि गेलं वर्षभर माणसं मोजायला जे आले होते ते माणसं घेऊन गेले होते. मी एका ओट्यासमोर उभी राहून विचारलं, "घरात किती जण?" बाई म्हणाली, "मी न् आमचे हे." तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी छाती फुटेल असं खोकलं.

"ते टीव्ही हे," बाई म्हणाली.

मला हसू आलं, पण मी हसायचं कुठल्या तोंडानं? कॉलेज रोडवरच्या आमच्या सोसायटीत ताप मोजायला नर्सबाई आल्या होत्या, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी सासऱ्यांचा खोकला असाच टीव्हीच्या नावावर खपवला होता. फरक इतकाच, की आमच्याकडे नर्सबाईंना जिन्यातूनच परत पाठवलं, आणि इथे त्या बाईनं दार लावून घेतल्यावर खिडकीतून हात काढून आम्हाला चहा दिला. साहेबांनी फोनवर कार्यालयाला कळवलं की उत्साह निर्माण होत आहे.

सायखेडा

सायखेड्याला गोदावरी नाशिकमध्ये दिसते त्यापेक्षा बरी दिसते. आम्ही शहरवाले तिच्यात जे सोडतो त्यातलं बरंचसं वाटेत खाली बसत असावं. नदीकाठच्या काळ्या जमिनीत जिथे बघावं तिथे द्राक्षांचे मांडव, आणि तोडणीचा हंगाम ऐन भरात. एका बागायतदाराच्या मळ्यात आमचा मुक्काम होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी आम्हाला बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीची भाजी आणि असा ठेचा वाढला की साहेब पहिल्यांदाच ओळखपत्राच्या दोरीनं डोळे पुसताना दिसले. वर घमेलंभर द्राक्षं. "खा मॅडम, हा एक्स्पोर्टचा माल हे," अण्णा म्हणाले. एक्स्पोर्टचा माल घमेल्यातून खाण्याची मजा परदेशातल्या लोकांना कधी कळायची नाही.

मांडवाखाली तोडणी करणारी माणसं सुरगाण्याकडची होती. डोंगरातले पाडेच्या पाडे हंगामाला इकडे उतरतात. पोरंबाळं, भांडी, कोंबड्या सगळं घेऊन येतात, मळ्याच्या कडेला पालं ठोकतात आणि माल संपला की परत जातात. शकूरभाईंनी गाणं लावलं तसं एक बाई कात्री हातात घेऊन सरळ भोंग्यापाशी आली. पन्नाशीची असावी. वर बघत तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. आमच्या अख्ख्या दौऱ्यात ते गाणं पूर्ण ऐकणारी ती एकटीच.

"फेब्रुवारीत येनार म्हनता," ती म्हणाली. "हिथं का आमच्या पाड्यावर?"

तिचं नाव हिराबाई. साहेब पुढे सरसावले. "जिथे राहत असाल तिथे तुमची नोंद होईल. तुम्ही इथे असाल तर इथे."

"मंग शाळा बी हिथं देनार का? या मांडवाखाली?"

साहेबांना प्रश्न कळला नाही, तेव्हा तिच्या मुलानं, सोमनाथनं, नीट सांगितलं. मागच्या मोजणीच्या वेळी पाड्यावरची सगळी माणसं अशीच द्राक्षांना आली होती. मोजणारा पाड्यावर गेला, घरांना कड्या दिसल्या, आणि त्यानं रिकामी घरं लिहून टाकली. तेव्हापासून काहीही मागायला गेलं की एकच उत्तर मिळतं: तुमच्या पाड्यावर माणसंच नाहीत. पाड्यावर चौथीपर्यंतची एक शाळा आहे. आता तीही उचलायचं चाललंय.

"शाळा ग्येली तर पोरं खालच्या गावाला कशी जातील? मधी नदी हाय," हिराबाई म्हणाली. "पावसात नदी कमरेपातूर येती. माझी नात पयलीत हाय. यंदा पाडा रिकामा लिवायला नाय पायजे."

अण्णा माझ्याशेजारी उभे होते. "माझ्या मळ्यात नका लिहू बरं का यांना," ते हळूच म्हणाले. "लय माणसं हे. उद्या म्हणतील आम्ही इथलेच." म्हणजे इथे लिहायचं नाही आणि तिथे लिहायला कुणी सापडायचं नाही. सहा महिने ज्यांच्या हातची द्राक्षं जगभर जातात, ती माणसं स्वतः कुठेच नव्हती. मला या गोष्टीचा मनापासून राग आला, पण माझ्या हातात माईक होता आणि माईकवर मला फक्त उत्साह निर्माण करायची परवानगी होती.

"आमी काय करावं त्ये सांगा," हिराबाई साहेबांना म्हणाली.

साहेबांनी बॅनरवर बोट ठेवलं. ब्लोअरच्या पाण्यानं त्याचे रंग उतरले होते, पण अक्षरं शाबूत होती. "गणनेच्या काळात आपापल्या घरी हजर राहा," त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "शासनाचं म्हणणं अगदी स्पष्ट आहे."

हिराबाईनं मान डोलावली आणि कात्री घेऊन मांडवाखाली गेली.

घाटावर

एक दिवस निफाडकडची उरलेली गावं केली. त्यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला आणि दार मिळालं नाही. मग दिंडोरी मागे टाकून आम्ही डोंगराकडे वळलो. काळी जमीन संपली, तांबडी लागली, मांडव गेले आणि साग आला. व्हॅन दोनदा तापली. दुसऱ्यांदा तापली तेव्हा शकूरभाई बोनेट उघडून म्हणाले, "मॅडम, गाना बंद करो, गाडी को भी बुखार आ रहा है."

पाड्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या मागे आधीच कमी कटकटी नाहीत. हिराबाईचाच पाडा आधी गाठायचा, हा माझा हट्ट. रस्ता जिथे संपतो तिथून आम्ही शेताच्या बांधावरून व्हॅन कशीबशी वर घातली. पाड्यावर खरोखरच सगळ्या घरांना कड्या होत्या. राखणीला एक म्हातारबाबा तेवढे होते. सगळ्यांच्या कोंबड्या, शेळ्या आणि कड्या ते एकटेच सांभाळत. त्यांनी आम्हाला बघून तांब्याभर पाणी दगडावर ठेवलं आणि स्वतः लांब जाऊन बसले. शहरात आम्ही अंतर पाळायचो ते दुसऱ्याला टाळण्यासाठी. इथे पाणी आधी ठेवलं आणि मग अंतर ठेवलं. मागाहून नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलंही त्याच दगडावर आलं. तसं पिठलं मी नाशिकमध्ये कितीदा करून बघितलं, जमलं नाही.

शाळा मी बघून आले. एक खोली, बाहेर पाढे रंगवलेले, दाराला कुलूप. साथीमुळे शिक्षण ऑनलाइन चालू होतं. फोनला रेंज यायची ती टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली, आणि शिकणारी पोरं सगळी सायखेड्यात. तेव्हा ते चालू होतं असं आपण धरून चालू.

बाबांना एकट्यालाच समोर बसवून साहेब जनजागृती करणार, एवढ्यात खालून टेम्पोचा आवाज आला. टेम्पोत माणसं, भांडी, गाठोडी, कोंबड्या. पुढे ड्रायव्हरशेजारी हिराबाई. सगळा पाडा हंगाम सोडून परत आला होता.

सांगितलेलं ऐकणारी माणसं माझ्या धंद्यात मला कधी भेटली नव्हती. "कृपया बसून घ्या" असं मी वीस वर्षं सांगत आले, कुणी बसलेलं आठवत नाही. इथे एका गाण्यावर आणि एका बॅनरवर विश्वास ठेवून घरंच्या घरं ऐन तोडणीतून उठून आली होती.

साहेबांना गर्दी बघून भरून आलं. टेम्पो रिकामा होईपर्यंत बॅनर बांधून झाला. तोवर हिराबाईनं प्रत्येक घराची कडी काढायला लावली, अंगणं झाडून घेतली, आणि एकेक कुटुंब आपापल्या दारापुढे उभं केलं. मास्क नव्हते त्या बायकांनी पदर तोंडाला बांधला. हिराबाईची नात शाळेचा गणवेश घालून उभी होती. तो तिला आखूड झाला होता. साहेबांनी मला माईक दिला आणि मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण टाळ्या पडल्या. फोटो झाले.

"आता मोजा," हिराबाई म्हणाली.

साहेब हसले. "मोजणारे वेगळे, ताई. आम्ही सांगणारे."

"मोजनारे कवा येत्यात?"

"लवकरच."

"लवकर म्हंजी? आज? उद्या? शिमग्याला?"

"पुढील आदेश आला की..."

"मंग तुमी कशाला आलाव?"

याचं उत्तर परिपत्रकात नव्हतं. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी माईक बंद केला आणि सांगून टाकलं, की तारीख ठरलेलीच नाही, साथ आहे तोवर ठरायचीही नाही, गाणं जुनं आहे, यंदा कुणी येणार नाही. साहेबांनी ओळखपत्र मुठीत घट्ट धरलं. मला त्यांची भीती वाटली नाही. लाज वाटत होती, आणि ती एवढी होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

हिराबाई म्हणाली, "माईकवर येगळं बोलतीस, ताई, आन् बंद करून येगळं."

आवाज चढले ते त्यांच्या आपसात. सोमनाथनं टेकडीवर जाऊन अण्णांना फोन लावला. अण्णांनी सकाळीच दुसरी टोळी उभी केली होती, आणि माल वेलीवर सोडून गेलेल्यांना परत घ्यायचं नाही असं सांगून फोन ठेवला होता. "तुझ्या नादानं झालं हे," तो आईवर ओरडला. "शाळा, शाळा. आता खायचं काय?" ती गप्प बसणारी नव्हती. तिनं त्यांच्या बोलीत त्याला असं झाडलं की मला त्यातलं फक्त नातीचं नाव कळलं. शेवटी ठरलं, की दुसरा बागायतदार बघायचा आणि त्याच टेम्पोनं परत निघायचं.

भांडी पुन्हा चढली, गाठोडी चढली. हिराबाई चढली नाही.

"मी ऱ्हाते," ती म्हणाली. "कुनी आलंच तर एका घराची तरी कडी काढलेली दिसंल."

आम्ही घाट उतरलो. रेंज येताच साहेबांनी कार्यालयाला फोन लावला. "प्रतिसाद शंभर टक्के, साहेब. लोक स्वतःहून विचारताहेत, कधी मोजणार म्हणून." शकूरभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. गाणं त्यांनी नाशिक येईपर्यंत लावलं नाही.

नाशिकला परतल्यावर

निघताना सोमनाथनं माझा नंबर घेतला होता. दर वर्षी हंगामाआधी त्याचा फोन येई. "ताई, यंदा येत्यात का? आई इचारती, जाऊ का नको." आणि दर वर्षी मी सांगे, "अजून नाही रे. तिला घेऊन जा." तो तिला सांगे, ती ऐकत नसे. टेम्पो भरून खाली जाई आणि ती मागे राही. एका माणसाची हंगामाची मजुरी दर साली त्या पाड्यावर बसून राहायची. माझे कार्यक्रम तोवर पुन्हा सुरू झाले होते. लोक पुन्हा बसत नव्हते.

मग मोजणी खरोखरच जाहीर झाली. तारखांसकट पेपरात आलं. या वेळी फोन मी केला, आणि खरं सांगते, इतक्या आनंदानं मी कधी कुणाला काही जाहीर केलं नव्हतं. सोमनाथनं फोन आईकडे दिला.

"हिराबाई, यंदा नक्की. तारीख ठरली. येणार मोजायला."

"कोन येनार?"

"गुरुजी येतील. मोजायचं काम शाळेतल्या गुरुजींकडेच असतं."

"कुठल्या शाळंतलं?" ती म्हणाली. "आमची तर उचलली. दोन सालं झाली. पाड्यावर मानसंच नायत म्हनं."

नातीचं काय झालं हे विचारायचं होतं, पण पलीकडे ती भाकरी थापत होती तो आवाज येत होता आणि मला धीर होईना.

"पर येऊ दे," हिराबाई म्हणाली. "जो कोनी यील त्याला सांग, वरल्या अंगानं ये म्हनावं, खालची वाट नीट नाय. आन् मी घरीच हाय."